वाहनामागे एक श्वास

दिल्लीच्या द्वारकेतल्या सप्तसिंधू अपार्टमेंट्स या एकशे बेचाळीस फ्लॅटांच्या सोसायटीत होळीच्या दुपारी एका मोटारीने मुख्य फाटकाच्या खांबाला धडक दिली. खांबाला टेकून सुरक्षारक्षकाची खुर्ची होती, तिचे चार तुकडे झाले. रक्षक त्या वेळी चहा प्यायला गेला होता. नेमून दिलेल्या जागी हजर नसल्याबद्दल त्याला मेमो देण्यात आला. मोटार सोसायटीचे सन्माननीय सेक्रेटरी भसीनसाहेब स्वतः चालवत होते, त्यामुळे घटनेची प्रत्यक्ष माहिती असलेले एकमेव सभासद म्हणून चौकशी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेलं.

समितीने महिनाभर खांबाची पाहणी केली आणि खांब चुकीच्या जागी असल्याचा निष्कर्ष काढला. मात्र काळ बदललेला आहे, जबाबदारीने पिणं ही आजची गरज आहे, अशी पुस्ती जोडून समितीने फाटकाच्या अडथळ्याला श्वास तपासणारं यंत्र बसवण्याचीही शिफारस केली. यंत्रात फुंकायचं, आकडा तीसच्या आत आला तरच दांडा वर जाईल. कायद्याची मर्यादाही तीसच. नियमावली लिहिण्याचं काम बी-४०४ मधल्या गुणवंत टिपणीसांकडे आलं, कारण ते केंद्र सरकारात अवर सचिव होते आणि सोसायटीत लिहिता येणारे तेवढेच, असं बाकीच्यांचं मत होतं.

टिपणीसांनी हे काम फार मनापासून घेतलं. मूळचे साताऱ्याचे, वीस वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून द्वारकेत फ्लॅट घेतलेले, आणि जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेले. पण खरं कारण होतं त्यांचा मुलगा केतन. वय चोवीस, गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरी, आणि स्वतःची लाल मोटार. दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी तो घरी आला तो तोंडात वेलची कोंबूनच. गाडी त्याने दोन गाड्यांच्या जागेत आडवी लावली होती, आणि दारातच वडिलांच्या खांद्यावर हात टाकून तो म्हणाला होता, "बाबा, यार, तुम्ही खूप चांगले आहात." शुद्धीवर असताना त्याने असं काही कधी म्हटलं नव्हतं. टिपणीस त्या रात्री झोपले नाहीत.

सकाळी पत्नी अलकाताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोला ना त्याच्याशी." बोलतो म्हणून ते बाहेर आले आणि टायरमध्ये हवा भरलीस का, एवढंच विचारून पेपर वाचायला बसले. पुढच्या रविवारी त्यांनी विम्याचं विचारलं, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा हवेचं. चार मंत्रालयांना एकाच दिवशी स्मरणपत्रं धाडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलाशी एक वाक्य बोलता येत नव्हतं. अशा वेळी यंत्र आलं. आता जे बोलायचं ते यंत्रच बोलेल, या विचाराने टिपणीसांना हायसं वाटलं.

नियमावलीचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं आणि मग हरकती घेतल्या. ए ब्लॉकच्या वृंदा मेहरा यांचं म्हणणं पडलं की नोंदवहीत माणसाचं नाव आणि समोर आकडा आला तर उद्या मुलामुलींची लग्नं जमायची कशी. हा मुद्दा सभेला पटला. नावाचा रकाना काढून टाकण्यात आला. उरले तीन रकाने: फ्लॅट क्रमांक, वाहन क्रमांक, आकडा. टिपणीसांनी अंतिम नियम असा लिहिला: "फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे एक श्वास नोंदवण्यात यावा." कोणालाच न दुखावणारं वाक्य लिहिण्याची त्यांची तीस वर्षांची तपश्चर्या त्यात उतरली होती.

पहिल्या महिन्यात योजनेला घवघवीत यश मिळालं. पूर्वी ज्यांना दारूतलं काही कळत नव्हतं तेही आकड्यांवर बोलू लागले. अठरा आला की लोक हळहळत, बारा पॉइंट वाया गेले म्हणून. एकोणतीस आणणाऱ्याचं लिफ्टमध्ये कौतुक होई. घरोघरी खिशात मावतील अशी यंत्रं आली. रविवारच्या जेवणावळीत शेंगदाण्यांच्या वाटीशेजारी ती मांडलेली असत आणि यजमान आग्रह करताना पाहुण्यांना फुंकायला लावून किती जागा शिल्लक आहे ते बघत. गाडी चालवायची म्हणून एका ग्लासावर थांबणारी माणसं आता तिसऱ्यापर्यंत निर्धास्त जात. जबाबदारीने पिण्याचं प्रमाण सोसायटीत असं झपाट्याने वाढलं.

अडचण आली ती भसीनसाहेबांच्या बाबतीत. त्यांचा आकडा एकदा एकशे दहा आला आणि दांडा हलेना. साहेबांनी नियमावली मागवली आणि गाडीत बसूनच वाचली. वाहनामागे एक श्वास हवा, हे स्पष्ट होतं. तो कोणाचा असावा, हे कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी रक्षकाला फुंकायला सांगितलं. शून्य आला, दांडा वर गेला. संध्याकाळपर्यंत ही बातमी पाचही ब्लॉकांत पोहोचली. पुढल्या रविवारी रक्षकाने दुपारी बारा ते चारच्या दरम्यान एक्काहत्तर वाहनांसाठी फुंकलं आणि बहात्तराव्या वाहनापुढे घेरी येऊन तो खाली बसला. त्याला दुसरा मेमो देण्यात आला.

तातडीची सभा भरली. एका सामान्य रक्षकाच्या श्वासावर एकशे बेचाळीस कुटुंबांची सुरक्षितता सोपवणं योग्य नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. श्वास कसा निष्कलंक चारित्र्याच्या माणसाचा हवा. सगळ्यांच्या माना टिपणीसांकडे वळल्या. ते उठले आणि नियमाचा हेतू असा नव्हता, ज्याची गाडी त्यानेच फुंकावं, असं चाचरत म्हणाले. भसीनसाहेबांनी त्यांना प्रेमाने खाली बसवलं आणि हेतू कोणत्या रकान्यात आहे ते दाखवायला सांगितलं. मग शाल आणि नारळ देऊन टिपणीसांना मानद अधिकृत श्वासदाता म्हणून घोषित करण्यात आलं. महाराष्ट्रीय माणसाचा सत्कार नारळाने करतात, हे भसीनसाहेबांनी मुद्दाम कोणाला तरी विचारून घेतलं होतं.

घरी अलकाताईंनी कपाळावर हात मारला. टिपणीसांनी त्यांना समजावलं की आपण नाही म्हटलं तर लोक कोणालाही फुंकायला लावतील. आपण तिथे असलो तर निदान समोरच्या माणसाचा चेहरा तरी बघू, फारच झालेली असेल तर नकार देऊ. आणि मुख्य म्हणजे, केतनला आपल्यासमोरून जावं लागेल. पहिल्याच रविवारी त्यांना एका गृहस्थाला नकार द्यावासा वाटला, पण नोंदवहीत श्वास नाकारल्याचा रकाना नव्हता. वहीचा नमुना त्यांनीच केला होता. रकान्याशिवाय कृती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्यांनी फुंकलं.

अशा रीतीने टिपणीसांचे रविवार फाटकावर जाऊ लागले. एक प्लास्टिकची खुर्ची, वर बागेतली छत्री, हातात यंत्राची नळी. अलकाताई चौथ्या मजल्यावरून लिंबाचं सरबत पाठवत. पुढे समितीने एक परिपत्रक काढून त्यांना खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब आणि फार पिकलेली केळी वर्ज्य केली, कारण या वस्तूंनी यंत्र फसू शकतं. मे महिन्यात त्यांना खोकला झाला आणि त्यांनी तो औषधाविना पंधरा दिवस सोसला. सोसायटीत दारूसंबंधी बंदी प्रत्यक्षात एकाच माणसावर लागू झाली, आणि तो माणूस कधी प्यायलाच नव्हता.

केतन मात्र फाटकावर कधी आला नाही. रविवारी तो दुपारी तीनपर्यंत झोपलेला असे. टिपणीसांना वाटायचं, आपण इथे बसलोय याचाच हा परिणाम. आपली युक्ती लागू पडली, असं ते अलकाताईंना म्हणालेसुद्धा.

जूनच्या पहिल्या रविवारी सी ब्लॉकच्या वेदांतने बढती मिळाली म्हणून मित्रांना जेवायला बोलावलं. जेवण अकराला सुरू झालं. साडेचारला यजमानासकट सगळे आइस्क्रीम खायला बाहेर निघाले. फाटकावर रांग लागली आणि रांगेत तिसरी गाडी लाल होती. काच खाली झाली. वेलचीचा वास खुर्चीपर्यंत आला.

"बाबा, फुंका ना. मागे लाइन लागलीये," केतन म्हणाला.

टिपणीसांनी नळी मांडीवर ठेवली. "तू प्यायलायस."

"वेदांतकडे चेक केलं, बेचाळीस होतं. आतापर्यंत उतरलं असेल."

"मग तू फुंक."

"मी कशाला? सगळ्यांसाठी तुम्हीच फुंकता ना?"

मागून दोन हॉर्न वाजले, मग पाच. रांगेत सातव्या नंबरावर असलेले भसीनसाहेब गाडीतून उतरले आणि गाड्यांचा आधार घेत घेत पुढे आले. "टिपणीसजी, सबके बच्चों के लिए फूँका, अपने ही बच्चे के लिए नहीं? यह तो अन्याय है," ते म्हणाले. नियमावलीत नातेवाइकांना वेगळी वागणूक देण्याची तरतूद नव्हती, आणि ही गोष्ट टिपणीसांना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होती. त्यांनी वही मिटली आणि ते खिडकीत वाकले.

"केतन, तू गेलास तर तुझी आई आणि मी कसे जगू? मला भीती वाटते रे. रोज वाटते. किल्ली दे."

चार महिने अडलेलं वाक्य असं भर दुपारी, भर रांगेत बाहेर पडलं. हॉर्न थांबले. केतनने बापाकडे पाहिलं. असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने इंजिन बंद केलं, किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि तो मान खाली घालून गाडीतून उतरला. "सॉरी बाबा," तो म्हणाला. "प्रॉमिस, पिऊन नाही चालवणार."

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. वृंदा मेहरांनी चौथ्या गाडीतून उतरून डोळे पुसले आणि असे वडील हवेत म्हणून व्हिडिओही काढला. भसीनसाहेबांनी केतनच्या खांद्यावर हात ठेवून, थोडा भारही टाकून, आयुष्य किती मौल्यवान आहे ते त्याला सांगितलं. रांगेतल्या प्रत्येकाने त्याला दोन शब्द सुनावले. रक्षकाने आणि आणखी दोघांनी लाल गाडी ढकलून बाजूला लावली. सगळ्यांना फार बरं वाटलं, आणि ते आपापल्या गाड्यांत जाऊन बसले.

टिपणीस खुर्चीत टेकले. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मुलाशी बोलणं एवढं सोपं असतं तर यंत्र कशाला बसवलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आता घरी जावं, केतनला सरबत करून द्यावं, असा विचार ते करत होते, तेवढ्यात हॉर्न वाजला. वृंदाबाईंच्या गाडीसाठी त्यांनी फुंकलं. पुन्हा हॉर्न वाजला. डोळे अजून ओले होते, ते न पुसताच त्यांनी वहीत सी-२०१ लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला आणि नळी तोंडाला लावली. शून्य. दांडा वर गेला.

गाडी वेदांतची होती. पहिली दोन वळणं चुकून झाडांच्या कुंडीला घासत ती फाटकापर्यंत आली होती. आता ती टिपणीसांच्या शेजारून निघाली, आणि चालकाच्या बाजूच्या सीटवर पट्टा लावून केतन बसलेला दिसला. त्याने काच खाली करून बापाला हात केला.

"मी चालवत नाहीये, बाबा."

टिपणीस उठले तेव्हा खुर्ची उलटली. "थांब," असं ते ओरडले, पण दिवसभर फुंकून आवाज उरला नव्हता. ते फाटकाबाहेर शंभर पावलं धावले. गाडी मेट्रोच्या खांबांपाशी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झाली आणि रहदारीत दिसेनाशी झाली. त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. फाटकापाशी दांडा खाली आला होता आणि मागे अडकलेल्या सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवू लागल्या होत्या. भसीनसाहेबांनी खिडकीतून डोकं काढलं आणि हाक मारली, "टिपणीसजी, फोन बाद में कर लीजिएगा."

टिपणीस मागे फिरले. तिसऱ्यांदा फोन लावून त्यांनी तो कानाशी धरला, आणि दुसऱ्या हाताने, तीस वर्षांच्या सवयीने, पुढच्या वाहनाचा नंबर वहीत लिहायला घेतला.

त्यांनी फुंकायला नको होतं, असं तुम्ही आता म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. फक्त केतनने किल्ली दिली तेव्हा तुमचाही जीव भांड्यात पडला होता, आणि मागच्या गाड्या कोण चालवतंय हे तुम्हीही विचारलं नाहीत. तेव्हा एवढंच सांगा, त्या रांगेत तुम्ही कितवे होता?