सागवानाचा प्रामाणिकपणा

माणूस कशावर बसतो यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. राजापेठेतल्या आमच्या बैठकीत गादीचा दिवाण होता. त्यावर कोणीही येऊन आडवं होई. त्यामुळे आमची प्रतिष्ठाही पडूनच होती.

मग मी मिडसेंच्युरी मॉडर्न, म्हणजे गेल्या शतकाच्या मध्यावरच्या, फर्निचरचा सखोल अभ्यास केला. (मोबाइलवर, त्याच दिवाणावर लोळून.) या शैलीचा प्राण म्हणजे साहित्याचा प्रामाणिकपणा. सागवानानं सागवानच दिसावं, वेतानं वेतच. प्लायवूड वाकलं तरी त्यानं प्लायवूडपण लपवू नये. हे मला इतकं पटलं, की केसांना कलप लावता लावताच मी सुताराला फोन केला.

खुर्च्या आल्या. तिरके पाय, वेताची पाठ आणि जमिनीशी सलगी करणारी बैठक.

"याच्यात बसाचं का घसराचं?" आमच्या बायकोनं, मायानं विचारलं. प्रत्येक नव्या कलाशैलीला आरंभी घरातूनच विरोध होतो.

आमच्या लेकीनं, प्रणालीनं अकोल्याच्या प्रीतमशी लग्न ठरवलं होतं, परस्पर. प्रीतमचे वडील शालिकरामजी पत्नी इंदूबाईंसह अकोल्याच्या जुन्या शहरातून खास नकार द्यायला आले. ते उभ्याउभ्याच देणार होते. मीच आग्रह करून बसवलं. इंदूबाई खुर्ची पाहून थेट स्वयंपाकघरात गेल्या.

"आमाले हे जमत नाही. येतो मंग," म्हणत शालिकरामजी तडक उठले. म्हणजे उठायला गेले. गुडघे छातीशी आले, बाकीचे तिथेच राहिले. मी हात द्यायला निघालो आणि लक्षात आलं, समोरच्या खुर्चीत मीही तसाच आहे. हाका मारायची दोघांनाही लाज वाटली.

पावसापाण्याचं बोलून झालं. कापसाचं झालं. गुडघ्यांचं तर सविस्तर झालं. शेवटी विषयच उरला नाही, म्हणून मी विचारलं, "काहून नाही म्हणता?"

"लोक काय म्हणतीन!"

"कोणते लोक?"

त्यांनी बराच विचार केला. (सवड होती.) "नाव तं एकाचंही आठवून नाही राहिलं," ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरून, "पोरीले बोलवा."

प्रणालीनं त्यांचे दोन्ही हात धरून एका झटक्यात उभं केलं. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "पकड पक्की हाये पोरीची. आमचं पोट्टं सांभाळीन हे."

पेढे आले. सगळे जेवायला आत गेले. मला उठवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तुम्ही हसा खुशाल. तुमच्या खुर्च्या उत्तमच असणार. कोणी मनातलं बोलू लागलं, की चटकन उठता येतं.