सासरेबुवांचा स्वच्छ उजेड

सांगून ठेवतो, पांढऱ्यावर पांढरं उठवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही! पांढरी फळी, तिच्यावर पांढऱ्या प्लास्टरच्या बारीक उठावदार पट्ट्या. रंगाचा थेंब नाही. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं, की पट्ट्यांच्या सावल्या पडतात आणि चित्र उभं राहतं. वर्षभर खपलो त्यावर. आज चित्रदालनाच्या मॅडम बघायला येणार होत्या. आवडलं तर माझं पहिलं प्रदर्शन, नाहीतर मेहुण्याच्या चपलांच्या दुकानात नोकरी!

आंघोळ करून बाहेर येतो, तर सासरेबुवा स्टुलावर! फळीच्या चारी बाजूंना ट्यूबलाइट लावलेल्या, आणि माझं चित्र धुतलेल्या ताटासारखं कोरं!

"बाबा, हे काय केलंत?"

"फार सावल्या पडत होत्या हो, जावईबापू. सगळ्या घालवल्या! आता कसं स्वच्छ दिसतंय!"

"दिसतंय? काय दिसतंय? त्या सावल्या म्हणजेच चित्र होतं!"

"मग काळ्या रंगानं काढायच्या ना. उन्हाच्या भरवशावर कोण राहतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना स्टुलावरून उतरवलं, स्वतः चढलो आणि ट्यूबा उपटल्या. सासरेबुवा कोपऱ्यात तोंड फुगवून बसले.

"अहो, वडील आहेत ते माझे!" बायको कडाडली.

"म्हणूनच अजून घरात आहेत!"

आता फक्त ऊन यायचं बाकी होतं. आणि येईना! बघतो तर वरच्या मजल्यावरच्या काकूंची ओली चादर थेट आमच्या खिडकीवर लोंबत होती. मी मान बाहेर काढून बोंबललो, "ओ बाई! कुणाला विचारून आलात मध्ये? उचला ते आधी, आणि व्हा चालत्या!"

काकूंनी चादर ओढली, खिडकी धाडकन लावली. मी समाधानानं खाली पाहिलं, तर फाटकाशी मॅडम! माझं ओरडणं स्वतःलाच समजून पायाशी ठेवलेली पिशवी त्यांनी उचलली आणि निघाल्या!

बायको अनवाणी धावली. काय शपथा घातल्या कोण जाणे, पण हाताला धरून घेऊन आली. मॅडम कपाळाला आठ्या घालून फळीसमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात ऊन आत आलं. एकेक पट्टी सावली टाकू लागली. आठ्या गेल्या. मॅडम फळीच्या अगदी जवळ सरकल्या.

"हे आमच्याकडेच लागणार!" शेवटी त्या म्हणाल्या.

मी लगेच विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे तुमच्याकडे?"

"खिडकी? छे! नवं दालन आहे आमचं. छतभर ट्यूबलाइट. सगळीकडून सारखा उजेड, सावली औषधालासुद्धा सापडायची नाही!"

कोपऱ्यातून सासरेबुवा ताडकन उठले. "बाई, तुम्हीच एक जाणकार भेटलात!"

दोघं चहा पीत दिव्यांवर बोलत बसली आहेत. मेहुण्याला नकार कळवायची घाई नको, असं बायको म्हणते. पण उद्घाटनाला मी जाणार, आणि जाताना स्टूल घेऊन जाणार!