झुलालच्या काट्यावर चौदा शेर

इंग्रज आणि मी एकाच साली कचेरीतून बाहेर पडलो. ते थकले होते, मी मात्र ठणठणीत होतो! आज मला बासष्टावं चालू आहे. तरी सांगतो, वजन उतरवणं म्हणजे काही मोठी विद्या नाही. मी एका महिन्यात चौदा शेर उतरवलं. तेही रोज सकाळी जिलबी खाऊन! चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे.

झालं असं, की जिना चढताना मला जरा धाप लागली. जरा म्हणजे, शेजारचे विचारायला आले, एवढीच. लगेच आमच्या मंडळींनी, धुरपदाबाईंनी, मला जळगावातल्या नव्या डॉक्टरकडे ओढत नेलं. त्या पोराला अजून नीट मिशी फुटली नव्हती. पण त्याने मला काट्यावर उभं केलं. दोन मण आठ शेर!

"नाना, दहा शेर उतरवा. रोज दोन मैल चाला. तेल-तूप बंद."

"आणि भरीत?" मी विचारलं.

पौषात आमच्या मळ्यात दरवर्षी भरीत होतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, वरून तेलाची धार आणि गरम पुऱ्या. त्या एका दिवसासाठी मी वर्षभर जगतो हो!

"दहा शेर उतरले तरच भरीत," डॉक्टर म्हणाला.

"आणि वजन दर शनिवारी कापसाच्या जिनात झुलालभाऊ करतील," मंडळींनी वर बजावलं. "त्यांची चिठ्ठी आणायची. तुमच्या तोंडावर माझा काडीचा विश्वास नाही!"

झुलाल म्हणजे जिनातला तोलाईदार. कापूस तोलतो, केळी तोलतो. चाळीस वर्षांत काट्यावर खोटं बोलला नाही, अशी त्याची ख्याती. म्हटलं, चला, चालायला तर लागू!

चाललोही. जिनाच्या फाटकापर्यंत. फाटकासमोर हॉटेल आहे, त्यात माझा काय दोष? तासभर बसायचं, जिलबी खायची, पेपर वाचायचा. पण कोरड्या अंगाने घरी गेलो तर संशय येणार. म्हणून निघताना नळाखाली डोकं धरायचं, सदरा भिजवायचा. घामच घाम!

शनिवारी तसाच झुलालच्या काट्यावर. पहिल्या शनिवारी दोन मण पाच! मी चाटच पडलो. दुसऱ्या शनिवारी दोन मण एक. मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. मला जोर चढला, मी आणखी पाणी ओतून घेऊ लागलो. थंडी वाढली म्हणून कोट आला, मफलर आला, हातात काठी आली. तिसऱ्या शनिवारी एक मण अडतीस. चौथ्या शनिवारी एक मण चौतीस!

ही चिठ्ठी बघून मंडळींनी साखरेचा डबा बंद केला.

"अहो, पोट तेवढंच दिसतंय. मग वजन जातंय कुठून? हाडांतून?"

आता खरं सांगतो, मीही घाबरलो. जिलबी खाऊन माणूस झिजतोय म्हणजे दुखणं मोठंच असणार! आणि जिलबीचं सांगायची सोय नाही. वरणगावहून मेहुणी बेबाबाई आली, तिने दारातूनच गळा काढला. भरीत रद्द झालं. मला मुगाचं पाणी सुरू झालं. मळ्याकडे बघून माझे डोळे भरून आले.

शेवटी सगळी वरात डॉक्टरकडे गेली. धीर द्यायला झुलालही आला. डॉक्टरने कोट काढून ठेवायला सांगितलं आणि मला काट्यावर चढवलं.

दोन मण बारा शेर!

"चार शेर वाढलेत!" डॉक्टर ओरडला. "मग ह्या चिठ्ठ्या कसल्या?"

झुलालचा चेहरा लाल झाला. "माझी चिठ्ठी बठ्ठी बरोबर शे, सगळी बरोबर! कोट, मफलर, जोडे हे बारदान, मालावरच्या पोत्यासारखं. त्याचे पाच शेर वजा. हातात काठी. केळीच्या घडाचा दांडा आम्ही कापतोच, तसे तिचे तीन शेर वजा. आणि ओलीचा कडता, म्हणजे ओल्या मालाच्या वजनातून कापायची घट! चाळीस वर्षांत कुणाचा ओला माल कोरड्याच्या भावात घेतला नाही मी. नाना तर दर शनिवारी निथळत येतात!"

"घामाने ना हो, भाऊ?" मंडळींनी विचारलं.

"घाम? अक्का, हॉटेलातून निघाले की नळाखाली डोकं धरतात. माझ्या काट्यावरून रोज दिसतं!"

बेबाबाईचं रडणं थांबलं. तिला हसू फुटलं, तेच मला जास्त लागलं.

दुखणं नाही म्हटल्यावर पौषातलं भरीत पुन्हा ठरलं! वांगी भाजली, खमंग वास सुटला, मी पहिल्या पंगतीत केळीचं पान पुढे ओढून बसलो. मंडळी पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "झुलालभाऊ, ह्यांना तुम्हीच वाढा. तुमच्या रीतीने."

झुलालने पळीभर भरीत उचललं, माझ्याकडे बघितलं. "तेलाचा कडता," म्हणाला आणि अर्धं परत टाकलं. "देठाचा कडता." उरलेलंही गेलं. पुऱ्या तर बारदानात धरल्या!

पानावर पडली एक कांद्याची पात. तीही ओली होती, म्हणून त्याने आधी झटकली.