वादळ उठत नाही

वादळला स्वेटर घालायचा की नाही, यावरून हॉर्नकाका आणि काकूंचं सकाळीच वाजलं.

"अहो, बाहेर गारठा बघा! याच्या अंगावर केस आहेत का धड? नुसती मखमल. कुडकुडेल बिचारा."

"कुडकुडू दे. पिटबुल आहे तो. आणि पिवळ्या स्वेटरवर बदकं? लोक घाबरायचे सोडून त्याचे पापे घेतील."

"मग घेऊ देत की!"

"आज नाही," हॉर्नकाका म्हणाले आणि स्वेटर खुंटीला अडकवून वादळला घेऊन जिना उतरले.

हॉर्नकाका निवृत्त ड्रायव्हर. एकदा भर रस्त्यात गाडीचा हॉर्न बिघडला, तेव्हा खिडकीतून डोकं काढून नुसते ओरडत त्यांनी गाडी डेपोत नेली होती. तेव्हापासून हे नाव चिकटलं. उभ्या नोकरीत गाडी कधी ठोकली नाही आणि कधी रखडवली नाही, याचा त्यांना कोण अभिमान! आणि हो, गाडी म्हणजे गाडीच. 'बस' म्हणतात ते प्रवासी, ड्रायव्हरच्या तोंडी तो शब्द शोभत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

वादळ मूळचा लेकीचा. तिची परगावी बदली झाली आणि तिथे घर मिळेपर्यंत तिने आपला पिटबुल टेरियर आईबाबांकडे आणून ठेवला. जाताना बाबांना समोर बसवून तिने धडा दिला.

"हे बघा बाबा, गळ्यात पट्टा नाही, छातीपट्टाच घालायचा. ओढायचं नाही. तुम्ही ओढलंत की त्याला वाटतं खेळ सुरू झाला, आणि खेळात हरणं त्याला ठाऊक नाही. ओरडायचं तर मुळीच नाही. रोज दमेपर्यंत फिरवायचा, नाहीतर सोफा खाईल. एवढी ताकद असलेल्या कुत्र्याला आधी थांबायला शिकवावं लागतं, म्हणून मी तेच पक्कं करून घेतलंय. 'बस' म्हटलं की बसतो आणि माझं वाक्य ऐकल्याशिवाय उठत नाही."

"कुठलं वाक्य?"

"'ऊठ रे माझ्या छकुल्या.' लाडात म्हणायचं हं, सूर लावून."

"हे मी म्हणायचं?"

"मग? आजोबा आहात त्याचे!"

"मला कुत्र्याचा आजोबा म्हणायचं नाही!" हॉर्नकाका गरजले. छकुल्याने प्रेमाने त्यांच्या पायावर हनुवटी टेकली.

लेक गेल्या गेल्या काकांनी छकुल्याचं नाव बदलून वादळ ठेवलं. वादळला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. ते वाक्यही काका म्हणत, पण दार लावून, मोरीतला नळ सोडून. स्वयंपाकघरात काकू तोंडावर हात ठेवून हसत. बाहेर काकांचा तोरा वेगळाच होता. "जबडा बघितलात? माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. हात लावाल तर हाताची आशा सोडा!" असं ते इमारतीत भेटेल त्याला ऐकवत.

ऐकून ऐकून इमारतीच्या सेक्रेटरीबाईंनी ते खरं मानलं. "असलं जनावर इथे नको. उद्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये निकाल लावू," असं त्यांनी काल जिन्यात बजावलं. तेव्हापासून काकांना घास गोड लागत नव्हता. कुत्रा जाणार या विचाराने आपल्याला आत इतकं तुटतंय, याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. आज वादळला सैनिकासारखा ताठ, बिनस्वेटरचा, सगळ्या रस्त्यावरून मिरवायचा. शिस्त बघितली की कोण काय बोलेल?

आणि वादळ चालतही होता झकास. छाती पुढे, दोरी सैल, कुठे हुंगणं नाही की रेंगाळणं नाही. काकांचीही छाती त्याच्या मापाने फुगत चालली होती. थांब्यापाशी गाडी उभी होती. तिच्या पुढून ऐटीत रस्ता ओलांडावा म्हणून काका उतरले आणि मध्यावर पोहोचले. तेवढ्यात कंडक्टरने डबल घंटी दिली, गाडी हलली आणि मागून सेक्रेटरीबाई पर्स सांभाळत धावत आल्या.

"बस! अहो, बस! बस!"

वादळ बसला. गाडीच्या नाकासमोर, रस्त्याच्या बरोबर मधोमध.

करकचून ब्रेक लागला. सेक्रेटरीबाईंना गाडी मिळाली, त्या धापा टाकत चढल्या. गाडीला मात्र पुढे जायला वाट उरली नाही.

"वादळ, चल," काका दबक्या आवाजात म्हणाले. वादळ हलला नाही. काकांनी दोरी ओढली. वादळने खूश होऊन पाय रोवले. खेळ सुरू झाला होता.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. तो काकांच्याच हाताखाली शिकलेला. "काका, तुम्ही? गाडी रखडवायची नसते, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"तू मागे घे जरा!"

"मागे टेंपो चिकटलाय."

"मग उचला की त्याला," एक प्रवासी म्हणाला.

"तुम्हीच उचला! हात लावला तर हाताची आशा सोडायची असते, हेच सांगतात सगळ्यांना!" सेक्रेटरीबाई आतून ओरडल्या. काकांची स्वतःची पाठ उभ्या नोकरीत सीटवर बसून कामातून गेलेली. आता उचलणार कोण?

टेंपोवाल्याने हॉर्न दाबून धरला. प्रवासी खाली उतरले आणि ज्याला जे सुचेल ते सांगू लागले.

"बहिरा आहे का हो?"

"अहो, बस सोडा की!"

"ऑफिसला उशीर होतोय. बस झाला तमाशा!"

"बस पुढे गेली पाहिजे!"

प्रत्येक वाक्याला वादळ थोडा अधिक नीट बसत होता. त्याने पाय जुळवले, मान ताठ केली. हॉर्न कानाशी किंचाळत होता, माणसं ओरडत होती आणि गारठ्याने त्याच्या अंगावर काटा उभा राहिला होता. तो थरथरत होता, पण जागचा हलत नव्हता.

काकांनी त्याचे कान बघितले. कुणी 'बस' म्हटलं की ते टवकारत होते. मग एकदम काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा हट्ट नव्हताच! जो तो याला 'बस' म्हणत होता आणि हा बापडा ऐकत होता. जन्मभर कंडक्टरांकडे, क्लीनरांकडे, डेपोतल्या नव्या पोरांकडे जी शिस्त त्यांनी ओरडून मागितली, ती इथे न ओरडता कुडकुडत बसली होती. काकांचा ऊर भरून आला. आपल्या ऐटीपायी याला थंडीत उघडा आणला, याची लाजही वाटली.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. गाडीभर माणसं, फुटपाथभर माणसं, खिडकीत सेक्रेटरीबाई. काका वाकून पुटपुटले, "ऊठ रे माझ्या छकुल्या."

टेंपोच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, वादळलाही नाही.

"मोठ्यांदा बोला काका!" ड्रायव्हर म्हणाला.

काकांनी डोळे मिटले. ज्या आवाजाने कधीकाळी रस्ते मोकळे केले होते, तो पोटातून वर काढला आणि त्याला लाडाचा सूर लावला.

"ऊऽऽठ रे माझ्या छऽऽकुल्याऽऽ!"

टेंपोचा हॉर्न आपोआप बंद पडला. छकुल्या टुणकन उठला, मागचे दोन्ही पाय नाचवत काकांच्या अंगावर झेपावला आणि त्यांचं तोंड चाटत सुटला. सगळी गाडी हसत होती. काकांनी कोट काढून त्याच्या अंगावर घातला आणि मान खाली घालून घरची वाट धरली.

संध्याकाळी मीटिंगला ते छकुल्याला घेऊनच गेले. बदकांच्या पिवळ्या स्वेटरात.

बातमी आधीच पोचली होती. कुणी म्हणे गाडी अडवणारा कुत्रा नको, कुणी म्हणे असा गुणी कुत्रा शोधून सापडायचा नाही. तळमजल्यावरचे आजोबा पार्किंगचा विषय काढून बसले आणि टाकीच्या पाण्यावरून दोन मजले एकमेकांवर तुटून पडले. कुणी कुणाचं ऐकेना. सेक्रेटरीबाईंनी टेबलावर हात आपटला.

"बस! आता बस!"

भांडण तसंच चालू राहिलं. फक्त छकुल्या त्यांच्यासमोर येऊन ताठ बसला आणि पुढच्या हुकमाची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे बघू लागला.

"सकाळीही तो तुमचंच ऐकून बसला होता बाई," काका हळूच म्हणाले. "गाडी मिळाली ना त्यामुळे?"

सेक्रेटरीबाई छकुल्याकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं मी या मीटिंगांत घसा फोडतेय," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं हो माझं!"

कुत्रा राहणार, हे तिथेच ठरलं. विषय संपला, पण छकुल्या उठेना.

"तुमचा हुकूम आहे बाई, उठवायचंही तुम्हीच," काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "लाडात म्हणायचं. सूर लावून."

टाकीच्या पाण्यावरचं भांडण थांबलं. पार्किंगवाल्या आजोबांनी कानामागे हात धरला. सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि खाकरून त्यांनी सूर लावला. गोड होता आवाज त्यांचा, कुणाला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि स्वेटर घातलेला छकुल्या थांब्यावरून चालले होते. त्यांच्या शेजारी गाडी हळू झाली आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काय हॉर्नकाका! झोपेतून उठवायला आता काकूही तेच म्हणतात का? 'ऊठ रे माझ्या छकुल्या'?"

गाडीतले लोक खिदळले. काका थांबले. छकुल्याही थांबला. दोघांनी एकाच वेळी छाती पुढे काढली.

"हॉर्नकाका कोण रे?" काका गरजले. "छकुल्याचा आजोबा म्हण!"