चौकातल्या इमारतीचा इतिहास, दाढीसह

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, हा काकांच्या सलूनचा नियम होता. नाही म्हटलं की गिऱ्हाईक मान वळवतं आणि मान वळवली की वस्तरा लागतो. त्यामुळे गालाला फेस लावलेला माणूस काहीही बोलला, तरी काका म्हणत, “हो तर.” उपनगराच्या बाजारचौकातल्या दुमजली इमारतीत आजोबांनी थाटलेलं हे दुकान तीन पिढ्या एकही कान न कापता चाललं होतं, ते याच जोरावर. त्यांना सगळे काकाच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

आता पालिकेला ती इमारत पाडून तिथे गाड्या लावायची सोय करायची होती. इमारतीला काही इतिहास निघाला तरच ती वाचणार होती आणि इमारत गेली की सलूनही जाणार होतं. इतिहास शोधायला पालिकेने एक तरुण अधिकारी पाठवला. त्याने सुरुवात दाढीपासून केली.

“काका, इथे पूर्वी नाटकगृह होतं म्हणे?”

“हो तर.” काकांनी त्याची हनुवटी वर केली.

“आणि आग लागली तेव्हा नायिका वरच्या खिडकीतून उडी मारून वाचली?”

वरच्या खिडक्यांना गज होते. पण वस्तरा गळ्यापाशी होता. “हो तर.”

अधिकारी कामाला चोख. त्याने चौकभर पडताळणी केली. चपलांचा दुकानदार म्हणाला, नाटकगृहच, काकांना विचारा. दातांचे डॉक्टर म्हणाले, काकांनीच तर दुजोरा दिला होता. चौकातल्या प्रत्येक पुरुषाने कधी ना कधी त्या खुर्चीत बसून आपल्या मनातला इतिहास सांगितला होता आणि उठताना तो काकांकडून ऐकला असं समजून घरी नेला होता. फक्त दाढी राखणारा फोटोग्राफर म्हणाला की आपल्याला काही माहीत नाही. त्याची साक्ष अपुरी म्हणून वगळली गेली.

“नाटकगृह कुठलं काढलंत हो?” घरी काकूंनी विचारलं.

“मी कुठे काढलं? मी नुसता हो म्हणालो.”

“इमारत वाचतेय ना? मग गप्प बसा.”

“आयुष्यभर तेच करतोय.”

इमारत वाचली. सोहळा ठरला, चौकात मांडव उभा राहिला, बँडवाले आले. सोहळ्याच्या सकाळी अधिकारी दाढीला येऊन बसला आणि एक गाल झाल्यावर चाचरत म्हणाला, “काका, वाईट वाटतं सांगायला. इमारत आता मूळ रूपात आणायची आहे. तुमच्या जागी तिकीट खिडकी होती, असं सगळे म्हणतात. म्हणजे सलून हे अतिक्रमणच झालं ना?”

काकांचा हात थांबला. त्यांनी वस्तरा आधी दूर ठेवला. मग म्हणाले, “नाही.”

अधिकाऱ्याने मान वळवली. बाकावरची वर्तमानपत्रं खाली आली.

“नाटकगृह नव्हतं. आग लागली नाही. इमारत बांधली तेव्हापासून खाली सलून आणि वर शिंपी.”

“मग तुम्ही हो का म्हणालात?”

“तुम्ही हलला असतात.”

“काका, वय झालं तुमचं,” बाकावरून चपलांचा दुकानदार समजुतीने म्हणाला. “नायिका माझ्या सासऱ्यांच्या हातगाडीत पडली. पेरूंवर.”

बाकाने मान डोलावली. बाहेर बँडवाले सूर लावू लागले. नाटकगृह खोटं ठरलं तर इमारत जाणार होती आणि पाठोपाठ अधिकाऱ्याची नोकरी. तो अर्ध्या दाढीने विचार करू लागला.

“काका, नट म्हटले की त्यांना दाढी करावी लागत असेल.”

“नट नव्हते.”

“असते तर?”

“असते तर करावी लागली असती.”

“कुठे केली असती?”

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. चौकात दुसरं सलून कधीच नव्हतं.

“इथेच.”

“झालं तर मग,” अधिकारी आरशाकडे वळून म्हणाला. “दुसरा गाल करा.”

संध्याकाळी काकू दुकानात आल्या. दारावर नवी पाटी होती: नाट्यकलावंतांचे पिढीजात सलून, इमारतीचा अविभाज्य भाग, हलवू नये. त्यांनी ती दोनदा वाचली.

“आजेसासरे खरंच नटांच्या दाढ्या करायचे?”

खुर्ची रिकामी होती. कुणाच्याच गालाला फेस नव्हता. काकांनी टॉवेलची घडी घातली आणि क्षणभर विचार केला.

“सगळ्यांच्या नाही,” ते म्हणाले. “फक्त नायकांच्या. खलनायक राखायचे.”