पहिल्या चावीत

आमच्या गल्लीतल्या गावंडे काकाजींना कोणी लग्नाची पत्रिका द्यायला गेलं, की ते मुहूर्त विचारत नसत आणि जेवणाचंही विचारत नसत. पत्रिका हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न एकच, "तिथं उतार हाये का?"

उतार म्हणजे गाडी लावायला. काकाजींच्या गाडीत धड बॅटरी मी कधी पाहिलीच नाही. एक बसली की ते कुठून तरी दुसरी जुनी, अर्धमेली बॅटरी आणून बसवायचे. चावी फिरवली की आतून कोणी झोपेत कण्हावं तसा आवाज यायचा, आणि पुढे काही नाही. गाडी उतारावर असेल तर मात्र हँडब्रेक काढायचा, ती आपल्या वजनाने घरंगळायला लागली की क्लच सोडायचा, दोन गचके खाऊन ती चालू व्हायची. त्यामुळे काकाजींचा सगळा गोतावळा उतारावर अवलंबून होता. मालटेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या चुलत साडूशी त्यांचं पटत नव्हतं, पण त्याच्याकडे जाणं-येणं मात्र भरपूर. सख्खी बहीण साईनगरात, सपाट रस्त्यावर. तिच्याकडे ते फक्त राखीला जायचे, तेही ऑटोने. काकू एकदा मला म्हणाल्या, "माह्या माहेरी टेकडी नाही, हे माह्या बापाची चुकी हाये का?"

आमच्या गल्लीत उतार एकच, आणि तो नेमका आमच्या फाटकासमोर. तेव्हा काकाजींची गाडी आमच्या दारात आणि माझी स्कूटी गटाराच्या कडेला. मी अकोल्याची, डोकं तापायला मला फार वेळ लागत नाही. यावरून मी काकाजींशी उघड भांडले आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुही गाडी कुठंबी उभी राह्यते. माह्या गाडीचं तसं नाही." घरात कोणी आजारी असल्यासारखा तो सूर ऐकला की पुढे भांडता येत नाही.

खरं तर उतार नंतर आला. त्याच्या आधी तायडे काका होते.

श्रीराम तायडे आणि काकाजी कृषी खात्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून म्हातारे झाले आणि बरोबरच निवृत्त झाले. तायडे मागच्या गल्लीत राहायचे. दर रविवारी दोघं काकाजींच्या गाडीतून कधी परतवाडा, कधी चांदूर रेल्वे, असे काही काम नसताना हिंडून यायचे. गाडी काकाजी चालवायचे आणि धक्का तायडे मारायचे. ही वाटणी कोणी केली ते ठाऊक नाही, पण ती मोडलेली कोणी पाहिली नव्हती. काकाजी खिडकीतून हात बाहेर काढून म्हणायचे, "मार." तायडे अंगाने धिप्पाड, ते मागून खांदा लावायचे. गाडीने वेग घेतला की क्लच कधी सोडायचा, हे काकाजींनी ठरवायचं नाही. ते तायडेंचं काम. मागून त्यांची आरोळी यायची, "सोड", की काकाजी क्लच सोडणार, गाडी चालू होणार, आणि तायडे धापा टाकत पळत येऊन चालत्या गाडीत डाव्या दाराने बसणार. रविवारी आमची गल्ली त्या "सोड"नेच जागी व्हायची. मी कितीदा तरी म्हटलं, "काकाजी, नवी बॅटरी का घेत नाही एकदाची?" उत्तर ठरलेलं असे. "बॅटरी कायले पाह्यजे? श्रीराम हाये ना."

मग तायडे काकांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेली. हळूहळू काठी धरून चालणं आलं, थोडे शब्दही आले, पण मुलाची नोकरी अकोल्याला, तो त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. तेव्हापासून काकाजी उतार शोधायला लागले. बॅटरी मात्र घेतली नाही. म्हणायचे, "श्रीराम बरा होऊन आला, त मंग बॅटरीचं काय करू?" अधूनमधून एसटीने अकोल्याला जाऊन मित्राला भेटून यायचे आणि आल्यावर कोणाशी फारसं बोलायचे नाहीत.

असेच एकदा ते अकोल्याहून आले आणि आपल्या घरी न जाता आमच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं.

"त्यानं बोलनं टाकलं, सूनबाई."

"म्हणजे? आवाज परत गेला?"

"आवाज हाये. टाकलं त्यानं. तोंड उघडलं का पोरगा म्हनते, पानी पाह्यजे का बाबा. त्याची सून म्हनते, पंखा लावू का. लोकं चांगले हायेत, पन त्याचं वाक्य त्याच्या आंधी हेच पुरं करून टाकते. आता तो भिंतीकडं तोंड करून पडला राह्यते. म्या म्हनलं, गाडी घेऊन येतो, चाल, फिरून येऊ. त त्यानं डावा हात असा केला." काकाजींनी तळहात हवेत पुढे ढकलून दाखवला. "आन् मान हालवली. नाही म्हने. धक्का कोन मारीन, असं."

पाणी संपवून त्यांनी पेला उपडा ठेवला. "मले बॅटरी पाह्यजे. उद्याच."

माझं फाटक मोकळं होणार म्हणून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. आमच्या ह्यांनी तेवढ्यात उदार होऊन सांगून टाकलं, "ही येईल ना तुमच्यासोबत. हिला मोबाइलवर सगळं पाहता येतं." तेव्हा मी मोबाइलवर सगळं पाहिलं. बॅटरी गाडीतल्या जागेत बसणारी हवी, तिचे जोड ज्या बाजूला हवेत त्याच बाजूला हवेत, ती ताजी बनलेली हवी, दुकानात पडून राहिलेली नको, आणि आपल्याकडच्या उन्हात टिकणारी हवी. हे सगळं मी काकाजींना ऑटोत बसल्यासारखं त्यांच्याच गाडीत मागे बसून ऐकवलं. त्यांनी एकूणएक ऐकलं आणि विचारलं, "सारं बराबर हाये. पन म्या म्हनलं त्या घडीले चालू होईन का?"

राजापेठेतल्या काचेच्या दुकानात विक्रेता फार अदबीचा होता. "काकाजी, पूर्ण वॉरंटी आहे. काही झालं तर दुसरी बॅटरी देऊ, एक प्रश्न विचारणार नाही."

"बॅटरी देसान हो. ते घडी वापस देसान का?"

विक्रेता माझ्याकडे पाहायला लागला. मी मोबाइलकडे पाहायला लागले.

दुसऱ्या दुकानदाराने मागच्या ओळीतून एक बॅटरी ओढून काढली. काकाजींनी बोटाने धूळ पुसून तिच्यावरचा बनल्याचा शिक्का वाचला. "हे त माह्यासारखी निवृत्त होऊन बसली हाये. ताजी दाखवा." ताजी आली. ती तात्पुरती जोडली, काकाजींनी चावी फिरवली, गाडी जराशी गुरगुरली. दुसऱ्यांदा फिरवली आणि झकास चालू झाली. दुकानदार पावतीपुस्तक उघडून बसला. काकाजींनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "काढा. दुसऱ्या चावीले त कोनतीबी चालू होते."

दुपारचं ऊन, ती जुनी बॅटरी परत बसवायची, आणि गाडी सपाट रस्त्यावर. रस्त्यावरच्या दोन भल्या माणसांना विनवून धक्का मारून घेतला तेव्हा माझी सहनशक्ती संपली. "काकाजी, पहिली चावी काय आणि दुसरी चावी काय. क्षणाचा फरक. तुम्हाला काय विमान उडवायचं आहे?"

"तू घरी जा सूनबाई. ऊन लागून राह्यलं तुले. मी पाहून घेतो." आवाजात राग अजिबात नव्हता. असता तर मी खरंच घरी गेले असते.

तिसरं दुकान बडनेरा रोडवर, रफीकभाईचं. रफीकभाईने बॅटरी दाखवली नाही, आधी बॉनेट उघडलं. मीटर लावला आणि तोंड वाकडं केलं. "काकाजी, हे मी तुमाले मागंच सांगतलं होतं. तुमचा डायनमोच चार्जिंग देऊन नाही राह्यला. पट्टा ढिला, वायर सडेल हाये. नवी बॅटरी टाकली तरी मरते. काम अर्ध्या घंट्याचं हाये, काहून नाही केलं इतके दिवस?"

मला वाटलं काकाजी चपापतील. ते म्हणाले, "तवा गरज नोती."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. म्हणजे दर रविवारचा तो धक्का, ते गचके, चालत्या गाडीत उडी, सगळं अर्ध्या घंट्यात मिटणारं होतं आणि या माणसाला ते ठाऊक होतं.

रफीकभाईने पट्टा आवळला, वायर बदलली, नवी बॅटरी बसवून जोडांना ग्रीस लावलं. मग काकाजींची परीक्षा सुरू झाली. दिवे लावून चावी. दिवे, पंखा आणि वायपर लावून चावी. इंजिन गार होऊ देऊन चावी. प्रत्येक वेळी गाडी पहिल्या चावीत चालू, आणि प्रत्येक वेळी काकाजी म्हणायचे, "आखीन एकदा." शेवटी रफीकभाई स्टुलावर बसला. "बस करा काकाजी. बॅटरी ठीक हाये, मलेच चक्कर येऊन राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून काकाजींची गाडी त्यांच्या स्वतःच्या दारासमोर, सपाट जागेवर उभी राहायला लागली. माझं फाटक मोकळं झालं. तरी मी बरेच दिवस स्कूटी गटाराच्या कडेलाच लावत होते, सवय. सकाळी खिडकीतून दिसायचं, काकाजी गाडीत बसलेले, हात चावीवर, नजर समोर, आणि काही न करता थांबलेले. ओठ हलायचे. मग डाव्या रिकाम्या सीटकडे जरा कान करायचे आणि चावी फिरवायचे. चालू झाली की बंद करून पुन्हा तेच. काकू म्हणाल्या, "डोक्स्यात गेली याच्या ते बॅटरी." मलाही तसंच वाटलं होतं.

रविवारी ते अकोल्याला निघाले. मला माहेरी जायचंच होतं, मी मागे बसले. तायडेंच्या मुलाचं घर नव्या वस्तीत, रस्ता पाटासारखा सपाट. काकाजींनी दारासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि उताराचा विचारही न करता आत गेले.

तायडे काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. केवढा तो माणूस, आता चादरीखाली अर्धा वाटला. काकाजींनी तब्येत विचारली नाही. "ऊठ. नवी बॅटरी टाकली." तायडेंनी डावा तळहात ढकलल्यासारखा केला आणि मान हलवली. "नाही लागत धक्का. तू निस्ता येऊन बस." मग तायडे काकूंनी काठी आणून दिली.

मुलाने आणि काकाजींनी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मी मागे. तायडे काकू आणि मुलगा फाटकाशी. तायडे काका मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. काकाजींनी चावी घातली, त्यावर हात ठेवला आणि थांबले.

"मार," काकाजी म्हणाले.

मुलगा पुढे आला. "काका, बाबांना आता कुठे..."

काकाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "श्रीराम, मार म्हनलं. माह्या एकट्यानं चालू होत नाही हे."

तायडे काकांनी वळून मित्राकडे पाहिलं. बॅटरी नवी आहे हे त्यांना आत्ताच सांगितलेलं होतं, आणि माणूस काही खुळा नव्हता. तरी त्यांचा डावा हात उचलला गेला. तळवा समोरच्या डॅशबोर्डवर टेकला, बोटं पसरली, आणि त्यांनी जोर लावला. मानेची शीर मला मागून दिसत होती. काकाजींचा पाय क्लचवर, हात चावीवर, नजर रस्त्यावर. ते वाट पाहत होते.

"बाबा, सोड म्ह..." मुलाने सुरुवात केली. तायडे काकूंनी त्याचा दंड घट्ट धरला.

"शो..." तायडे काकांच्या ओठातून लाळ आली. त्यांनी ती खांद्याला पुसली. काकाजी हलले नाहीत. कोणीच हललं नाही.

"शोड."

काकाजींनी चावी फिरवली आणि गाडी त्याच क्षणी चालू झाली. ना गुरगुर, ना कण्हणं. ती घडी कुठली, ते मला तेव्हा कळलं. तिथे ती बॅटरी एकदा जरी अडखळली असती, तर इतक्या महिन्यांनी तोंडाबाहेर पडलेला तो शब्द वाया गेला असता, आणि पुन्हा आला नसता. माझे डोळे भरून आले. फाटकाशी तायडे काकू पदराने तोंड झाकून उभ्या होत्या.

काकाजी आरशातून मला म्हणाले, "सूनबाई, तुले माहेरी मंग सोडतो." आणि त्यांनी गाडी मूर्तिजापूर रोडला घातली. माझं माहेर उलट्या दिशेला होतं, आई रोडगे करून वाट पाहत होती. मी फोन करून तिला जेवून घ्यायला सांगितलं.

त्या रस्त्यावर काकाजींनी जिथे कारण नव्हतं तिथे तिथे गाडी बंद केली. रसवंतीपाशी केली, कडुनिंबाखाली केली, एका शेताच्या धुऱ्यापाशी तर उतरलेही नाहीत, नुसती बंद केली. दर वेळी "मार", दर वेळी तो डावा हात डॅशबोर्डवर, आणि काकाजींचं ते थांबणं. शब्द कधी अर्धा यायचा, कधी नुसतीच हवा. तो पुरा होईपर्यंत काकाजी चावीला हात लावून बसायचे.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहा घेतला. परत बसलो. "मार." तायडे काकांनी जोर लावला, म्हणाले, "सोड." काकाजींना ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असून त्यांनी तसं दाखवलं नाही. ते रस्त्याकडे पाहत बसून राहिले. तायडे काकांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि डॅशबोर्डवर थाप मारली.

"अबे सोड ना."

मागच्या सीटवरही मला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. काकाजींनी शर्टाच्या बाहीने चष्म्याखालून डोळे पुसले आणि चावी फिरवली.