डाग न धरणारा कोट

माझ्या कापडावर शाई ओतली तर शाईच ओशाळून खाली उतरते, असं मी भेटेल त्याला सांगत असे! मी वस्त्र-अभियंता. कॉलेजात कापडाचं शास्त्र शिकवते. उमेदीची सगळी वर्षं मी डाग न धरणारा लेप शोधण्यात घालवली, आणि तीही जिन्याखाली. कारण आमची प्रयोगशाळा तिथेच आहे. वरून कोणी धावत गेलं की आमच्या तराजूचा काटा नाचतो. मला एक धड खोली हवी होती आणि ती मंजूर करणारी समिती येणार होती.

लेप दिलेला पांढरा कोट मी आदल्या दिवशी घरी आणून खुर्चीवर टाकला. सकाळी पाहते तर कडक इस्त्री करून, घडी घालून तयार! नवरा गुणाचा आहे, असं म्हणून मी निघाले.

समितीसमोर मी कोट पुतळ्याला घालणार, तोच आमचे प्राचार्य पुढे सरसावले.

"पुतळा कशाला? मी आहे की!"

"सर, आत नवाकोरा शर्ट दिसतोय."

"माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे, मॅडम."

हे वाक्य त्यांनी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

कोटाला फुलांचा वास येत होता. मला वाटलं, सरांनी अत्तर लावलंय. सरांना वाटलं, हाही लेपाचाच गुण.

मी त्यांच्या छातीवर शाईचे थेंब टाकले. "बघा हं, आता घरंगळतील."

थेंब तिथेच बसले. मग ऐसपैस पसरले.

"शाई कमी पडली," असं म्हणून मी अर्धी बाटली ओतली.

"मॅडम, गार लागतंय."

"तो भास असतो, सर."

"भास बनियनपर्यंत पोचलाय!"

तेवढ्यात माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हा वास सॉफ्टनरचा आहे. आमच्या घरी हाच वापरतात."

कपडे मऊ करणारा सॉफ्टनर घालून धुतलं की हा लेप निकामी होतो. दर परीक्षेला मी हा प्रश्न घालते! वर्गात सगळ्यांना उत्तर तोंडपाठ आहे. घरी तेवढं सांगायचं राहिलं होतं.

समितीचे अध्यक्ष उठले. आमची प्रयोगशाळा पाहायला जिन्याखाली वाकले आणि सरळ होताना त्यांचं डोकं पायरीवर दाणकन आपटलं.

"या बाई इथे काम करतात?" डोकं चोळत ते म्हणाले. "मग दुसरं काय होणार! आधी यांना खोली द्या."

मंजूर! मला आनंदाने रडू आलं. थोडं लाजेनेही.

घरी येऊन मी विचारलं, "कोट कोणी धुतला?"

"मीच की. पत्र्यासारखा लागत होता, म्हणून जरा मऊ केला. का गं?"

मी सगळं सांगितलं. त्याने आधी कान पकडले. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे खोली माझ्यामुळे मिळाली!"

तेव्हापासून आल्यागेल्याला तो हेच सांगतो. मी पडले शास्त्राची बाई, आणि पुरावा सगळा त्याच्या बाजूने आहे.